दोन स्वल्पविराम आणि नऊ जणी

शनिवार, २ मार्च

टाचणीबाईंनी सांगितलंय की रोज घरी चार ओळी इंग्रजीत लिहायच्या. मी मराठीतच लिहितेय. इंग्रजीत माझ्याकडे खोटं बोलण्याइतकेही शब्द नाहीत, खरं कुठून लिहू?

त्रेचाळिसाव्या वर्षी क्लासला जाऊन बसायचं म्हणजे गुडघे बाकाला आपटतात आणि जीव वर्गाबाहेर. पण इलाज नाही. आमचा धुलाई कारखाना गेल्या वर्षी दुसऱ्या कंपनीने घेतला, आणि तेव्हापासून हेड ऑफिसला जाणारा प्रत्येक कागद इंग्रजीत लागतो. कागद टाइप करणारी मी. साहेब म्हणाले, "बाई, इंग्रजी सुधारा, नाहीतर आम्हाला दुसरं बघावं लागेल." म्हणून सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची ती खोली, दर शनिवारी सकाळी. बाई निवृत्त शिक्षिका आहेत. वह्या तपासताना चुकीच्या पानाला टाचणी लावून देतात, म्हणून टाचणीबाई. माझ्या वहीला इतक्या टाचण्या की उघडताना बोट टोचतं.

आजचा धडा: वाक्यात जादाची माहिती आली तर तिच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक स्वल्पविराम. ती माहिती उचलून टाकली तरी वाक्याचं काही बिघडत नाही. बाईंनी माझ्यावरूनच उदाहरण दिलं, 'माझा नवरा, जो मेकॅनिक आहे, चहा पीत नाही.' नवरा एकच, त्यामुळे मेकॅनिक हे जादाचं. इंग्रजीत त्या 'जो'च्या जागी 'हू' येतो.

मागच्या बाकावरचा शिंपी म्हणाला, "बाई, आणि दोन नवरे असतील तर?"

"तर दोन्ही स्वल्पविराम काढून घ्यायचे," बाई म्हणाल्या, "आणि पोलिसांना कळवायचं."

वर्ग खो खो हसला. बाई म्हणाल्या, हसू नका, तो पुढच्या शनिवारचा धडा आहे. मी मात्र आजच्यापुरतं पक्कं करून टाकलं: हू आला की मागे-पुढे स्वल्पविराम. इतका सोपा नियम इंग्रजीत असेल असं वाटलं नव्हतं.

सोमवार, ४ मार्च

सकाळी डबे भरताना वन्सं म्हणाल्या, "काय गं, शेपटीचं टिंब शिकलीस म्हणे?" ह्यांनी सांगितलं असणार. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. यजमान गेल्यापासून आमच्याकडेच असतात. आमच्याकडे म्हणते, पण खरं तर त्यांच्याच भरवशावर मी सहा वर्षांपूर्वी कारखान्यात लागले. त्या इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर असतात. दवाखान्यांच्या चादरी ओल्या आत जातात आणि पलीकडून कागदासारख्या कडक निघतात. नऊ जणींची पाळी. वाफेने त्यांच्या बोटांची टोकं कायम सुरकुतलेली असतात.

मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही हसा. उद्या मी साहेबीण झाले की तुमच्याकडूनच चादरी मोजून घेईन."

"घे की. आधी आमटीत मीठ घाल."

बुधवार, ६ मार्च

काय लिहू?

साडेअकराला रोलरकडून ओरडण्याचा आवाज आला. आधी वाटलं हसतायत, कारण चिमणी असली की तिथे हसणं असतंच. ती सगळ्यांत लहान चणीची, सगळ्यांत बोलकी, म्हणून तिला चिमणी म्हणतात. चादरीची चुणी सरळ करायला तिने हात पुढे नेला आणि चादरीबरोबर हात आत गेला. रोलरपुढे लोखंडी जाळी असते. हात जवळ आला की ती खाली येते आणि यंत्र थांबतं. आज जाळी खाली आलीच नाही, कारण ती वर बांधून ठेवली होती, उशीच्या अभ्र्याच्या पट्टीने. चिमणीच्या शेजारी शिडी उभी होती, तीही रोलरवरचीच. तिची उंची म्हणून हे नाव. तिनेच झेप घेऊन लाल बटण दाबलं.

मी पोचले तेव्हा वन्संनी चिमणीचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि म्हणत होत्या, "इकडे बघ, माझ्याकडे बघ, तिकडे नको." मीही तिकडे बघितलं नाही.

गुरुवार, ७ मार्च

उजव्या हाताची दोन बोटं गेली. तळवा भाजलाय. तिसरं बोट राहील की नाही ते डॉक्टर चार दिवसांनी सांगतील.

वन्सं दोन घास खाऊन उठल्या. जाळी कोणी बांधली ते अख्ख्या कारखान्याला माहीत आहे: चिमणी आणि शिडीने. पण कोणी बोलत नाही.

शनिवार, ९ मार्च

क्लास बुडला. साहेबांनी अहवालासाठी बोलावलं. ते मराठीत सांगत गेले, मी इंग्रजीत करत गेले. अपघात किती वाजता झाला, रोलरवर त्या पाळीत नऊ कामगार होत्या, जाळी बांधलेली होती.

इथे मी थांबले. म्हटलं, "साहेब, जाळी बिघडल्याचे आम्ही तुम्हाला तीन अर्ज दिले होते ना? डिसेंबरपासून. कोणी जवळही नसताना जाळी खाली येते, रोलर सारखा थांबतो, असे. मीच टाइप केले होते. तुम्ही पोच म्हणून सही केली होती. ते घालू?"

"ते अनावश्यक आहे."

"पण जाळी बांधली ती त्याचमुळे—"

"बाई, अहवाल आहे, कीर्तन नाही. मुद्द्याचं लिहा."

मुद्द्याचं शेवटी आलं. ते म्हणाले, "ज्या कामगारांनी जाळी बांधली होती त्यांना कामावरून कमी करावं." मला दोघींचे चेहरे दिसले. एकीचा तर हात अजून पट्टीत आहे. पण लिहिणारीने काय करायचं, सांगितलं ते लिहायचं. मी लिहिलं: 'द वर्कर्स, हू हॅड टाइड द गार्ड, शुड बी रिमूव्ह्ड.' हू आला होता. मी आठवणीने अलीकडे एक आणि पलीकडे एक स्वल्पविराम दिला. खरं सांगायचं तर वाक्य बघून जरा बरंही वाटलं. छापल्यासारखं दिसत होतं.

साहेबांनी वरवर नजर फिरवून सही केली. म्हणाले, "वा, जमायला लागलं तुम्हाला."

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात फिरत होतं. का ते कळत नाही. चूक तर काही नाही त्यात.

मंगळवार, १२ मार्च

चिमणीचं तिसरं बोट राहिलं. एवढंच चांगलं.

बाकी कशात लक्ष नाही. ऑफिसात उगाच कपाट आवरलं, घरी येऊन उगाच कपाट आवरलं. ह्यांनी विचारलं, "काही हरवलंय का?" नाही म्हटलं.

शुक्रवार, १५ मार्च

दुपारच्या सुट्टीत लिहितेय. समोर डबा उघडा आहे, खाववत नाही.

सकाळी दहाला हेड ऑफिसचा हुकूम आला. जाळी बांधणाऱ्या कामगारांना कमी करावं, असं आपण कळवलं, ते मंजूर. खाली नावं. दोन नव्हे, नऊ. हजेरीपट बघून त्या पाळीतल्या सगळ्याच जणींची नावं घातली होती. तिसरं नाव वन्संचं.

मी कागद दोनदा वाचला. मग साहेबांकडे घेऊन गेले. म्हटलं, "साहेब, नऊ कशा? बांधली तर दोघींनी."

"वरून आलंय. आपल्या हातात काय आहे?"

"पण आपण दोघींचंच कळवलं होतं."

"मोठी कंपनी आहे, बाई. त्यांना एक-दोन दिसत नाहीत. त्यांना पाळी दिसते." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "तुमचं काम मात्र त्यांना आवडलंय. कायमची जागा होईल तुमची. मी शब्द टाकलाय."

आणि मला आनंद झाला. हे कोणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. खाली आठ जणी एप्रन काढत होत्या, नववी दवाखान्यात होती, आणि मला वर क्षणभर आनंद झाला.

वन्सं फाटकातून गेल्या तेव्हा मी खिडकीत होते. एप्रन घडी करून पिशवीत घातला होता. बावीस वर्षं काम केलंय त्यांनी इथे. त्यांनी वर बघितलं नाही. शिडी रडत होती आणि बाकीच्या तिच्यापासून चार पावलं लांब चालत होत्या. तिच्यामुळे आपण गेलो असं त्यांना वाटत असणार. दुसऱ्या पाळीतल्यांना दोन्ही पाळ्या करायला सांगितलंय.

शनिवार, १६ मार्च

क्लासला गेले ते घरात वन्संसमोर बसवेना म्हणून.

मागच्या शनिवारचा धडा अर्ध्या वर्गाला कळला नव्हता, म्हणून बाईंनी तो पुन्हा घेतला. फळ्यावर एकच वाक्य दोनदा लिहिलं. 'जे विद्यार्थी उशिरा आले ते बाहेर उभे राहतील.' इंग्रजीतून. एकदा स्वल्पविराम देऊन, एकदा न देता. विचारलं, "फरक काय?"

शिंपी म्हणाला, "एकात श्वास घ्यायचा, एकात नाही."

"श्वासाचं सोडा. बाहेर कोण उभं राहील?"

बाईंनी खडू खालच्या वाक्यावर ठेवला. "इथे स्वल्पविराम नाहीत. म्हणजे जे उशिरा आले तेवढेच बाहेर. बाकीचे आत. कोण बाहेर, हे ती माहितीच सांगते, म्हणून ती गरजेची. तिला स्वल्पविरामात घालायचं नाही." मग खडू वर नेला. "इथे स्वल्पविराम आहेत. म्हणजे उशिरा आले ही नुसती जादाची माहिती. ती उचलून टाका. काय उरतं? विद्यार्थी बाहेर उभे राहतील. सगळे. सगळेच उशिरा आले आणि सगळेच बाहेर."

माझ्या कानात वाफ सोडल्यासारखं झालं.

वर्ग सुटल्यावर बाईंपुढे वही उघडली आणि ते वाक्य लिहून दाखवलं. दोन्ही स्वल्पविराम जसेच्या तसे दिले. बाईंना रोलरचा अपघात तेवढा सांगितला, बाकी नाही, पण त्यांनीच विचारलं, "रोलरवर किती जणी होत्या?"

"नऊ."

"आणि जाळी बांधली?"

"दोघींनी."

बाईंनी चष्मा काढला. "मग तुम्ही नऊ जणींना काढलंत," त्या म्हणाल्या. रागावून नाही. पानाला टाचणीही लावली नाही. लावली असती तर बरं झालं असतं.

रविवार, १७ मार्च

वन्संनी सकाळपासून घरातली सगळी भांडी काढून घासली. घासलेली पुन्हा घासली. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "राहू दे, मला काहीतरी करू दे." नंतर ह्यांना विचारत होत्या की कुठे लहान मुलं सांभाळायला कोणी हवंय का. बावन्नाव्या वर्षी.

मी सांगितलं नाही. तोंड उघडलं, आणि विचारलं, "चहा टाकू?"

सोमवार, १८ मार्च

साहेबांना सांगितलं. वाटलं होतं ते दचकतील. त्यांनी अहवाल काढला, वाचला, बोट त्या दोन स्वल्पविरामांवर ठेवलं आणि हसले. मग उठून दार लावलं.

"एवढ्याशा शेपटीसाठी एवढं?"

"साहेब, आपण दुरुस्तीचं पत्र पाठवू. चूक माझी आहे, तसं लिहू."

"सही कोणाची आहे?"

"तुमची."

"मग चूक कोणाची ठरेल?" ते खुर्चीत मागे टेकले. "हे बघा, एक तारखेपासून रोलरवर ठेकेदाराची माणसं येणार आहेत. झालं ते सोयीचं झालंय. आणि दुरुस्त केलं तरी त्या दोघी जातातच ना?"

दुरुस्तीनंतरही त्या दोघी जातातच. हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

"तुमची नणंद आहे ना त्यांच्यात?" साहेब म्हणाले. "तिला मी परत घेतो. चादरींच्या गोदामात. आठवडाभरात. बाकीच्यांचं विसरा आणि कायम व्हा."

मी 'बरं' म्हटलं की नुसती मान हलवली, आठवत नाही. दार उघडून बाहेर आले एवढं आठवतं.

मंगळवार, १९ मार्च

आज सुट्टी घेतली. डोकं दुखतं म्हणून सांगितलं. खोटं नव्हतं.

वन्सं लसूण सोलत होत्या. मी म्हटलं, "एक चांगली बातमी आहे. साहेब तुम्हाला परत घेतायत. गोदामात."

त्या सोलत राहिल्या. "आणि बाकीच्या?"

"बाकीच्यांचं माहीत नाही."

"मला एकटीलाच का?"

"तुमचं काम चांगलं आहे म्हणून."

"बावीस वर्षांत त्याला माझं नाव माहीत नव्हतं," वन्सं म्हणाल्या. लसूण बाजूला ठेवला. "तू काहीतरी केलंयस. शनिवारी क्लासहून आलीस तेव्हाच कळलं मला. चप्पल घालून स्वयंपाकघरात आलीस. काय केलंस ते कळत नव्हतं. तू सांगशील म्हणून थांबले."

मग मी सांगितलं. हू, स्वल्पविराम, विद्यार्थी, सगळं. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला ते समजावताना मला जितकं समजलं तितकं क्लासात समजलं नव्हतं. वन्सं सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे आपल्याकडे 'ज्या' आणि 'त्या' म्हटलं की भागतं, ते त्यांच्याकडे शेपटीवर आहे."

"हो."

"आणि तू आम्हाला शेपटीने मारलंस."

मला रडू फुटलं. त्यांनी रडू दिलं. जवळ घेतलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "आता शेपट्या काढून पत्र पाठवलंस तर?"

"तर तुम्ही सात जणी परत याल."

"आणि चिमणी? शिडी?"

मी लसणाची एक पाकळी उचलून सोलायला लागले.

"अगं, जाळी वर बांधा, माल अडतोय, असं मुकादम रोज ओरडत होता. मी ऐकलंय. सगळ्यांनी ऐकलंय. हे लिहिलंस का तू?"

"अर्ज घालू का विचारलं होतं. साहेब म्हणाले अनावश्यक आहे."

"तिचा हात गेला," वन्सं म्हणाल्या, "आणि का गेला ते अनावश्यक?" मग उठल्या, लसणाची सालं सुपात भरली. "त्या दोघींच्या डोक्यावर पाय देऊन मी आत जाणार नाही. गोदामातही नाही. सांग तुझ्या साहेबाला."

बुधवार, २० मार्च

संध्याकाळी चिमणीला भेटायला गेले. दवाखान्याच्या खाटेवर ती आणखीच लहान दिसते. खाली अंथरलेली चादर आपल्याच कारखान्यातली, कोपऱ्यावर शिक्का होता. तिने तो डाव्या हाताने झाकला होता की सहज हात तिथे होता, कोण जाणे.

मला वाटलं होतं ती तोंड फिरवेल. ती म्हणाली, "या ऑफिसबाई! बसा. पत्रात काय लिहिलंय माझ्याबद्दल?"

मी सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि चिमणी कधी कोणाला न तोडता ऐकत नाही.

"बांधली मीच," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? अभ्रा फाडला, शिडीने धरला, मी गाठ मारली. मुकादम खाली उभा होता. म्हणाला, घट्ट मार, सैल राहिली तर सुटेल. घट्टच मारली. म्हणून तर सुटली नाही."

"हे लिहू?"

"लिहा की. पण मी बांधली तेही लिहा. नाहीतर उद्या म्हणतील खोटारड्या आहेत." मग हसली. "आणि स्पेलिंग बघून लिहा."

गुरुवार, २१ मार्च

ह्यांना सांगितलं. हे हाताचं ग्रीस पुसत होते.

"ताईची नोकरी गेली, आता तुझीही घालवणार?"

"चूक माझी आहे."

"चूक दुरुस्त कर ना. शेपट्या काढ. ते अर्ज-बिर्ज काढायला तुला कोणी सांगितलंय?"

"तुमच्या गॅरेजात ब्रेक बिघडलाय असं लिहून दिलेली गाडी तशीच रस्त्यावर सोडली, आणि मग ड्रायव्हरला धरलं, तर?"

ह्यांनी ग्रीसचा फडका खुंटीला अडकवला. जेवताना मीठ मागितलं, तेही वन्संकडे.

शुक्रवार, २२ मार्च

साहेब बाहेरगावी होते, म्हणून दुपारीच निघून टाचणीबाईंच्या घरी गेले. पत्र मलाच लिहायचं होतं, पण एकटीने लिहायची हिंमत नव्हती. पहिल्या वाक्यातच हू आला आणि माझी बोटं थांबली.

बाई म्हणाल्या, "भीती वाटते?"

"फार."

"मग छोटी वाक्यं करा. छोट्या वाक्यात लपायला जागा नसते."

मग तशीच केली. अहवाल मी टाइप केला. मी दोन स्वल्पविराम चुकीचे दिले. नऊपैकी दोघींनी जाळी बांधली. मुकादमाने त्यांना तसं सांगितलं. जाळी डिसेंबरपासून बिघडलेली होती. आम्ही तीन अर्ज केले होते. मी ते अहवालात घातले नाहीत. प्रती सोबत आहेत.

बाईंनी वाचून पत्र परत दिलं. शोधूनही टाचणी लावायला जागा मिळाली नाही म्हणाल्या.

शनिवार, २३ मार्च

अकरा वाजून दहा मिनिटांनी ऑफिसातून पत्र हेड ऑफिसला पाठवलं. साहेब चहाला गेले होते. पाठवल्यावर पाच मिनिटं कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसले, जसं काही ते परत येईल.

बुधवार, २७ मार्च

काही नाही. उत्तर नाही. साहेबांना कळलंय, कारण ते मला आता 'बाई'ही म्हणत नाहीत, कागद टेबलावर टाकून जातात. घरी वन्सं आणि मी दोघी एकमेकींना काही विचारत नाही. काल दोघींनी एकाच वेळी दोन वेगवेगळ्या कुकरमध्ये भात लावला.

सोमवार, १ एप्रिल

ठेकेदाराची माणसं आली नाहीत. का ते कोणी सांगत नाही.

मंगळवार, २ एप्रिल

हेड ऑफिसच्या तपासणी अधिकारी आल्या. पन्नाशीच्या, पायात साधे बूट. आधी तासभर रोलरपाशी उभ्या होत्या. जाळीवर अजून त्या पट्टीची गाठ होती, कोणी काढलीच नव्हती. त्यांनी बोटाने ती गाठ दाबून बघितली. मग आम्हाला बोलावलं. साहेब, मुकादम आणि मी.

मला विचारलं, "स्वल्पविराम मुद्दाम दिलेत?"

"नाही. अर्धा धडा शिकले होते."

"आणि हे तीन अर्ज? तेही अर्ध्या धड्यामुळे राहिले?"

साहेब टेबलाकडे बघत होते. मी म्हटलं, "नाही. मला सांगितलं की ते अनावश्यक आहे."

"कोणी?"

"साहेबांनी. पण लिहिलं मी. मला माहीत होतं आणि मी ऐकलं."

त्यांनी ते लिहून घेतलं. मुकादम मध्येच म्हणाला, "मॅडम, मी आपलं सहज म्हणालो होतो, बांधा म्हणून." तोवर त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं. अधिकारी बाईंनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं, आणि पुन्हा लिहू लागल्या. साहेबांनी डोळे मिटले.

सोमवार, ८ एप्रिल

हुकूम आला. नऊच्या नऊ जणी परत. चिमणी बरी झाली की तिला झेपेल ते काम, डॉक्टर सांगतील तसं. जाळी नवीन बसेपर्यंत रोलर बंद. मुकादमाची चौकशी. साहेबांना हेड ऑफिसला बोलावलंय. त्यांचं टेबल सकाळपासून रिकामं आहे.

शेवटचा परिच्छेद माझा. मला लेखनाच्या कामातून काढलंय. चूक कबूल केली हे ध्यानात घेऊन कामावर ठेवलं जाईल, पण ऑफिसात नाही. परवापासून घडी विभागात, उभ्याचं काम.

वन्संना वाचून दाखवलं. स्वतःचं नाव आलं तेव्हा त्यांनी काही केलं नाही. चिमणीचं आलं तेव्हा पदर डोळ्यांना लावला. माझा परिच्छेद ऐकून म्हणाल्या, "पायात जाड तळव्याची चप्पल घाल. पहिला आठवडा पोटऱ्या भरतात."

बुधवार, १० एप्रिल

रोलर बंद, म्हणून लहान यंत्रांवर वाळवलेल्या चादरी घडीला येतात. लांब टेबल, दोन्ही बाजूंना बायका. चिमणी सोडून रोलरवरच्या आठही जणी सध्या इथेच आहेत. मी आत गेले तेव्हा बोलणं थांबलं. सगळ्यांना सगळं माहीत आहे. महिनाभर त्या घरी बसल्या त्या माझ्यामुळे, आणि परत आल्या त्या माझ्यामुळे. यातलं पहिलंच जास्त खरं वाटत असणार. मलाही तेच वाटतं.

वन्सं टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आपल्या कामाला लागल्या. त्या माझ्यापाशी आल्या असत्या तर नणंद म्हणून आल्या असं झालं असतं.

मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोन कोपरे आपण धरायचे, दोन समोरचीने. मी एक चादर उचलली, माझे दोन कोपरे धरले, आणि उभी राहिले. समोर कोणी नाही. चादर फरशीला लागू नये म्हणून हात उंच धरले, तरी लागतच होती. बाजूच्या जोड्यांच्या चादरी फटाफट झटकल्या जात होत्या. किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. खांदे भरून आले.

मग समोरचे दोन कोपरे वर उचलले गेले. शिडी होती. तिच्या उंचीमुळे तिकडची बाजू वर आणि सगळी चादर घसरत माझ्याकडे.

"हात वर कर ना," ती म्हणाली. "सगळी तुझ्याकडेच येतेय."

मी टाचा उचलल्या. ती जरा वाकली. चादर सरळ झाली.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत आमच्या एकशे चाळीस झाल्या. त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. पण दर वेळी मी चादर उचलली की समोरचे दोन कोपरे तिच्या हातात होते.